गरम कप

लातूरच्या क्लासच्या गल्लीत एका चाचाची कॉफीची गाडी आहे. पोरांना सुट्टी दहाच मिनिटांची, आणि हा आधी एकेक कप उकळत्या पाण्यात बुडवणार!

"चाचा, क्लासचं दार बंद होतंय. ओता की!" मी ओरडतो.

"गार कपात कॉफी मरती, बेटा. सबर कर."

परवा याच्यापायी मुखेडच्या एका पोरीला उशीर झाला. सरांनी तिला दारातूनच परत पाठवलं. ती रडत आली, तसा चाचा गाडी सोडून वर क्लासात गेला आणि सरांपुढं हात जोडून म्हणाला, "गलती माझी हाय. पोरीला बसू द्या." सरांनी बसू दिलं.

आता तरी सुधारेल, म्हटलं. आज घंटा वाजली, तरी कप पाण्यातच! पोरांच्या बाजूनं क्लासवाल्यांच्या मनमानीवर मी पत्रकं काढतो. या माणसावर काय काढू?