बुधवारचं न्हाणं

ऑपरेशनला अकरा दिवस उरले होते आणि माझ्या डोक्यात फोड आले होते. एखाद-दुसरा नाही. टाळूपासून मानेपर्यंत बोट फिरवलं की कुठे ना कुठे ठसठसायचं. माझी एक किडनी धाकट्या भावाला द्यायची होती. त्याच्या दोन्ही निकामी झालेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चेहरा सुजून ओळखू येईनासा झालेला. भावजयीचा रक्तगट जुळला नाही, आई सत्तरीची. उरले मी. आणि मी डोकं खाजवत बसले होते.

हे कसं झालं ते सांगते. लाज वाटते, तरी सांगते.

तपासण्यांत बाकी सगळं जुळलं, फक्त माझं वजन जास्त आणि बीपी काठावर. डॉक्टर म्हणाले, "आठ किलो उतरवा, मग तारीख देतो." मी जन्मात कधी पळाले नव्हते. आगाशीच्या शाळेत विज्ञान शिकवते, वय चव्वेचाळीस, बस सुटताना दिसली तरी 'जाऊ दे, मागून येईल' म्हणत उभी राहणारी बाई मी. पण भावासाठी पळाले. चंदनसारच्या आमच्या सोसायटीतून सकाळी साडेपाचला निघायचं, हायवेच्या बाजूला आधी अर्धा तास चालायचं, मग थोडं पळायचं, मग धापा टाकत परत यायचं. घरी आल्यावर जिन्यावरून तीन वेळा वर-खाली. पहिल्या आठवड्यात वॉचमनने विचारलं, "मॅडम, कोणी मागे लागलंय का?" मी त्याला काय सांगणार, कप्पाळ!

घाम मात्र असा यायचा की अंबाडा पिळून काढावा. माझे केस कमरेपर्यंत, दाट. पळताना मानेवर आपटू नयेत म्हणून मी ते करकचून बांधायची. परत आले की सातची घाई. अंगावर दोन तांबे ओतायचे, साडी नेसायची, तोच ओला अंबाडा पुन्हा पिना मारून घट्ट करायचा आणि शाळेत पळायचं. संध्याकाळी सोडला की आतून कुबट वास यायचा.

मग धुवायचे की! कुणीही हेच म्हणेल. पण आईने मला नेम दिला होता.

ती भावाकडे वसईला असते. वजन उतरवायला सुरुवात केली त्याच आठवड्यात तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "तो बरा होईपर्यंत शुक्रवार सोडून डोक्यावरून पाणी घेऊ नकोस. बुधवारी तर मुळीच नाही. भाऊ असलेल्या बाईने बुधवारी न्हायचं नसतं."

"आई, केसांचा आणि किडनीचा काय संबंध?"

"तुझं काय जातंय एवढं पाळायला?"

खरंच, माझं काय जात होतं? घाबरलेल्या आईला तोंडावर नाही म्हणायला छाती लागते, ती माझ्याकडे नव्हती. आणि अगदी खरं सांगू? मलाही आतून वाटलं, असेल काहीतरी. आठवीच्या पोरांना जंतुसंसर्ग शिकवणारी मी, घरी येऊन वार मोजायला लागले. वर आईने घरी कढवलेल्या जास्वंद-माक्याच्या तेलाची बाटली दिली. खाज सुटली की मी ते चोळायची. दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर घाम, त्या घामावर पुन्हा तेल. खाज वाढली की आणखी तेल. अक्कल गहाण टाकली की असं होतं.

शाळेत माझ्याशेजारी बसणाऱ्या बाई वटार गावच्या. घरची वाडी आहे, सकाळी केळीला पाणी सोडून मग शाळेत येतात. जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या, बोलायला एकदम सरळ. एका मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला आणि पुन्हा बंद केला.

"बाई, रागावू नका. तुमच्या केसांना वास येतोय."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. "धुते ना मी," म्हटलं. "शुक्रवारी."

"रोज एवढं पळून फक्त शुक्रवारी? अहो, मी वाडीतून आले की रोज डोक्यावरून साधं पाणी घेते. शाम्पू एक दिवसाआड. केस सुकेपर्यंत मोकळे. मग चर्चमधली मिस्सा असो नाहीतर शाळा असो."

"तुमच्यात वार नसतात," मी फणकारले.

"घाम तर आमच्यात पण असतो ना!" त्या म्हणाल्या आणि डबा घेऊन खिडकीपाशी जाऊन बसल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. बरोबर त्यांचंच होतं, राग त्याचाच आला होता.

अकरा दिवस उरले तेव्हा मी फोड लपवले. वाटलं, डोक्यात कोण बघतंय? नऊ दिवस उरले तेव्हा कानामागे सुपारीएवढी गाठ आली. आठ दिवस उरले त्या सकाळी ताप. मी तापाची गोळी घेतली आणि तशीच पळायला गेले, कारण साडेसात किलोवर तारीख मिळाली असली तरी उरलेला अर्धा किलो उतरवायचा होता. त्याच दिवशी मुंबईच्या हॉस्पिटलात आम्हा दोघांची शेवटची तपासणी होती.

गोळीने ताप लपला, गाठ कशी लपणार? डॉक्टरीणबाईंनी मानेला हात लावला आणि थांबल्या. "केस सोडा," म्हणाल्या. मी एकेक पिन काढून मांडीवर ठेवली. भाऊ शेजारच्या खुर्चीत बसलेला. त्यांनी केसांत भांग पाडत पाडत पाहिलं, एक फोड दाबला, पू आला.

"केस किती दिवसांनी धुता?"

मी मांडीवरच्या पिना गोळा करायला लागले.

"मॅडम, मी काहीतरी विचारतेय."

"आठवड्यातून एकदा. शुक्रवारी."

"रोज व्यायाम करून? का?"

काय सांगू? भाऊ माझ्याकडे बघत होता. खोटं सुचलं नाही. "आईने नेम दिलाय," म्हटलं. "भावासाठी."

मग डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हा संसर्ग अंगात असताना मी तुम्हाला टेबलावर घेऊ शकत नाही. तुम्हालाही धोका आणि त्यांना त्याहून जास्त. किडनी बसवल्यावर त्यांची प्रतिकारशक्ती आम्ही औषधांनी दाबणार आहोत. तुमचे जंतू त्यांच्या अंगात गेले तर ते वाचणार नाहीत. तारीख रद्द."

बाहेर आल्यावर भाऊ भिंतीला टेकून उभा राहिला. तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं.

"ताई, माझ्यासाठी तू डोकं धुतलं नाहीस?"

"हो."

"अगं, वेडी आहेस का गं तू? तू शिकलेली ना?" आणि तो तिथेच, लोकांसमोर रडायला लागला. मोठा झाल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच रडताना पाहत होते. मला स्वतःची इतकी चीड आली की केस मुळापासून उपटून टाकावेसे वाटले.

नवी तारीख पाच आठवड्यांनी मिळणार होती, तीही डोकं पूर्ण बरं झालं तर. केस खांद्यापर्यंत कापले. व्यायाम बंद करायचा नव्हता, नाहीतर वजन परत चढलं असतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून दिलं. तेल बंद. पळताना केस सैल बांधायचे. परत आल्यावर लगेच सोडायचे, साध्या पाण्याने मुळं धुवायची. एक दिवसाआड औषधी शाम्पू, पाच मिनिटं तसाच ठेवून मग धुवायचा. नखं लावायची नाहीत, बोटांच्या पेरांनीच चोळायचं. पूर्ण सुकल्याशिवाय बांधायचे नाहीत. उशीचा अभ्रा, कंगवा, पळताना लावायचा केसांचा पट्टा, सगळं गरम पाण्यात. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी, मध्ये टँकर. मी दोन बादल्या फक्त डोक्यासाठी झाकून ठेवायची आणि घरात सगळ्यांना दम दिला होता, हात लावलात तर याद राखा. शाळेतल्या बाईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "सोडा हो," आणि दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत खिडकीपाशी उजेडात माझं डोकं रोज तपासायला लागल्या.

रोज मुळं धुवायची म्हणजे बुधवार येणारच होता. पहिल्या बुधवारी मी बाथरूममध्ये पाण्याचा मग हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. मग डोळे मिटून ओतला.

त्याच दुपारी भावजयीचा फोन आला. भावाला श्वास घेता येत नव्हता. छातीत पाणी भरलं होतं.

मी शाळेतून तशीच धावले. अतिदक्षता विभागाच्या बाहेर आई बाकावर बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, केसांकडे पाहिलं. सुटे, कोरडे, स्वच्छ.

"न्हालीस?"

"हो."

ती पुन्हा दाराकडे बघत बसली. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. मी तिच्या शेजारी बसून राहिले आणि मनातल्या मनात देवाला म्हणाले, पुन्हा नाही, परत कधी नाही, एवढा वाचू दे. मी, विज्ञानाची बाई. दुसऱ्या दिवशी तो बोलायला लागला तेव्हा कळलं की उकाड्याने जीव कासावीस झाला म्हणून साहेब डायलिसिसहून येताना रस्त्यावर दोन शहाळी पिऊन आले होते. त्याला दिवसाला मोजून पाणी, आणि हा शहाळी पितो! मी त्याला तिथेच खाटेवर झाडला. आनंदाने झाडला. आईलाही सांगितलं, शहाळ्यांमुळे झालं म्हणून. ती "बरं" म्हणाली. तिला पटलं नव्हतं.

त्यानंतर दर बुधवारी मी न्हायले आणि दर बुधवारी संध्याकाळपर्यंत फोनकडे बघत बसले. फोड सुकले, गाठ विरली. डॉक्टरीणबाईंनी भांग पाडून पाडून पाहिलं आणि तारीख दिली, गुरुवारची.

म्हणजे दाखल व्हायचं बुधवारी. नर्स जंतुनाशक साबणाची बाटली घेऊन आली. "आज डोक्यावरून अंघोळ. केसांच्या मुळांपर्यंत, नीट." माझ्या डाव्या हाताला सुई लावलेली होती, ती भिजवायची नव्हती. बाईमाणूस म्हणून माझ्यासोबत आईच होती, भावजय भावाच्या खोलीत. नर्सने पाण्याचा मग आईच्या हातात दिला आणि निघून गेली.

मी स्टुलावर मान खाली घालून बसले. बादली भरली. नळ बंद झाला. पाणी काही पडेना.

"आई?"

"माझा भाऊ गेला तो बुधवार होता," आई म्हणाली.

मामा तरुणपणी तापाने गेला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आई त्याचं नाव घ्यायची नाही.

"सकाळी मी न्हाले. माझी आई नको म्हणत होती. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचं लग्न होतं, मला केस चांगले दिसायला हवे होते. मी ऐकलं नाही. दुपारी तो गेला." "एकोणीस वर्षांची होते मी. माझ्या आईने पुढे कधी तोंडाने म्हटलं नाही. पण ती माझ्या केसांकडे बघायची."

मी मान वर केली. ती मग छातीशी धरून उभी होती, पातळ पुढून भिजलेलं. पन्नास वर्षं ही बाई हे घेऊन जगली होती आणि आता मी तिला तेच करायला लावत होते, तिच्या मुलासाठी. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि ओरडावंसंही वाटलं. दोन्हींना वेळ नव्हता.

"ओत, आई. तुझ्याच हाताने ओत."

तिने ओतलं. काहीतरी पुटपुटत एकेक मग ओतला, बोटांच्या पेरांनी मुळांपर्यंत साबण लावला. कुठे राहू नये म्हणून तिने कानामागे दोनदा धुतलं.

गुरुवारी दुपारी मला शुद्ध आली तेव्हा कुशीत आग होत होती आणि आई पलंगाला चिकटून उभी होती. "किडनी चालू लागली, लघवी सुरू झाली त्याला," ती म्हणाली. "टेबलावरच सुरू झाली म्हणे. डॉक्टर स्वतः येऊन सांगून गेले." मला हसू आलं, पण टाके ओढले गेले म्हणून हसता येईना.

आई वाकली. तिचं तोंड माझ्या कानाशी आलं.

"म्हणजे तेव्हाही माझ्यामुळे नव्हतं ना गं?"

"नव्हतं, आई."

तिने तेच आणखी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी तेच सांगितलं.