गोराईच्या गाडीतली मेरी
जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर सुकलेल्या गोंदाचा डाग दिसला की मला आमची पहिली गाडी आठवते. बाबांनी ती गोराईच्या एका म्हाताऱ्या अंकलकडून सेकंडहँड घेतली होती. बोरिवलीला आमच्या सोसायटीखाली गाडी द्यायला आले, तेव्हा ते डॅशबोर्डवरची मदर मेरीची बोटभर मूर्ती सुरीनं खरवडून काढत बसले. "बायकोनं चिकटवलेली. ती गेली, ही काय निघत नाय," म्हणाले. आई म्हणाली, "राहू द्या हो." बाबा गोंधळले, "अगं, मग आपला गणपती?" "बसेल की बाजूला!" नारळ फुटला, आईनं गणपतीला हळदकुंकू लावलं आणि तिचं बोट मेरीसमोर थांबलं. "चालेल का हो?" अंकलनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, "मला काय माहीत गो बाय? बायकोला माहीत असतं. लाव तू." आईनं मेरीलाही लावलं, अंकलनी मेरी-गणपती दोघांपुढे क्रूसाची खूण केली, बाबांनी घाईघाईत दोघांना हात जोडले, आणि मागच्या सीटवर मला कुणाला नमस्कार करू ते कळेना, म्हणून मी अंकलनाच केला. आज माझ्या गाडीचा डॅशबोर्ड कोरा आहे, तरी चावी फिरवण्याआधी हात आपोआप कपाळाला जातो, आणि तो कुणासाठी जातो हे मला अजूनही सांगता येत नाही.