भाऊजींचा दंड

दुबईपलीकडच्या या फुजैरात आमच्या समोरच्या दारच्या भाऊजींएवढा बोलका माणूस झाला नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. बंदराबाहेर तेल भरायला ताटकळत उभ्या असलेल्या जहाजांना भोंगे असतात, आमच्या बिल्डिंगला भाऊजी होते. माणूस इस्लामपूरकडचा, आवाज एका शेतातून दुसऱ्या शेतात हाका मारून कमावलेला, आणि राहायचं इथल्या पुठ्ठ्यासारख्या भिंतींच्या फ्लॅटमध्ये! गावी आईला फोन लावत तेव्हा आमचे हे म्हणत, "फोन कशाला लागतो याला? नुसती खिडकी उघडली तरी पुरे." आमची लेक कानात बोटं घालून म्हणायची, "आई, अंकल इज ऑन स्पीकर अगेन." स्पीकर-बिकर काही नसायचा. नात्याने ते माझे कुणी नव्हेत. यांच्याच तेलाच्या टर्मिनलवर टाक्यांचे मीटर आणि गेज सांभाळायचे, यांना दादा म्हणायचे, म्हणून मी वैनी आणि ते भाऊजी. त्यांची बायको मीनल मात्र अगदी उलट. ती बोलते आहे हे कळायला तिच्या तोंडाकडे बघावं लागे.

मनात ठेवणं हा प्रकार भाऊजींना ठाऊकच नव्हता. पगार किती वाढला हे आम्हाला खालच्या बकालावाल्या, म्हणजे किराणा दुकानवाल्या, मलबारी चाचाकडून कळायचं, कारण दही घ्यायला गेलेले भाऊजी त्याला ते दिरहममध्ये सांगत, मग रुपयांत सांगत आणि मग गावाकडे एवढ्यात किती एकर येईल तेही सांगत. एकदा गणपतीच्या आरतीला उभे असताना त्यांनी पुढच्या-मागच्या सगळ्यांना आपल्या मूळव्याधीची इत्थंभूत हकिकत ऐकवली. मी डोळे वटारले तर म्हणतात, "वैनी, दुखणं सांगितलं की निम्मं हलकं होतं." त्यांचं हलकं झालं असेल, आम्हाला मात्र प्रसादाचा शिरा जाईना. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस भेटला तर चौथ्या मजल्यापर्यंत त्याला भाऊजींच्या धाकट्या भावाच्या लग्नातली भांडणं तोंडपाठ होत. गडी पठाण असो, इजिप्तचा मिसरी असो, फिलिपिनो असो, भाऊजींची हिंदी सगळ्यांना कळायची. म्हणजे त्यांना तसं वाटायचं.

आणि पेढे! आपण काम झाल्यावर पेढे वाटतो. भाऊजी आधी वाटत. "पास झाल्यावर काय कुणीबी वाटतंय, वैनी. आनंद आधी वाटला की वाढतो," असं त्यांचं शास्त्र. दुधाच्या पावडरीचे पेढे स्वतः परातीत मळत, वेलची सढळ हाताने, आणि डबा घेऊन जिन्याने सुटत. गाडीच्या लायसनच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या बिल्डिंगला पेढे दिले. दुसऱ्या दिवशी गाडी फुटपाथला घासली आणि भाऊजी नापास. संध्याकाळी बघते तर पुन्हा डबा घेऊन दारात हजर! "आता कसले हो?" तर म्हणाले, "उरल्यात. संपवाय नकोत?" असं किती वेळा झालं ते विचारू नका. आमच्या फ्रिजमध्ये त्या वर्षी भाजीला जागा नव्हती. शेवटी लायसन मिळालं तेव्हा मात्र पेढे नव्हते, कारण पावडर संपली होती.

याच हौसेने घात केला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मीनलने पस्तिशी ओलांडली होती, आणि एका सकाळी भाऊजींनी आमचं दार अक्षरशः बडवलं. "वैनी, आमच्याकडं पावना येणार!" दुसरा महिनासुद्धा नीट लागला नव्हता. मी म्हटलं, "अहो, हळू. आपल्याकडे तीन महिने पुरे होईस्तोवर सांगू नये म्हणतात." कसलं काय! तोवर पेढे ऑफिसात, बकाल्यात, गेटवरच्या वॉचमनपर्यंत जाऊन पोचले होते. काही आठवड्यांतच सगळं संपलं. गेलेलं बाळ एकीकडे आणि ज्यांना पेढे पोचले होते ते लोक दुसरीकडे. तो वॉचमन रोज विचारायचा, "मॅडम ठीक? बेबी ठीक?" आणि भाऊजी, ज्यांना कधी शब्द कमी पडला नाही, ते लिफ्ट सोडून जिन्याने चढायला लागले. दुसऱ्या वेळी त्यांनी आठवडाभर दम धरला, मग राहवेना. तेही बाळ राहिलं नाही. त्यानंतर चाचाने बिचाऱ्याने प्रेमाने लहान मुलांचे साबण आणि पावडर भेट पाठवली. त्याला कुणी पुढचं सांगितलंच नव्हतं. ती पेटी मी त्यांच्या दारातून उचलली आणि मीनलला दिसू दिली नाही.

त्यानंतर वर्षभराने भाऊजी एकाएकी गप्प झाले. आधी मला वाटलं घसा बसला असेल. मग वाटलं माझंच काही चुकलं. चहाला बोलावलं तर "नको वैनी, काम हाय," आणि दार बंद. तोंडात सदानकदा लवंग. समोरून आले की मान खाली घालून निघून जायचे. मीनल तर दिसेनाच. मला रागच आला. म्हटलं, एवढी वर्षं माझ्या हातची पुरणपोळी खाल्ली, आता आम्ही नकोसे झालो होय? बरं तर बरं, मीही कशाला मागे लागते! फुगूनच बसले मी. आणि खरं सांगू, बिल्डिंग भकास वाटायला लागली होती. गोंगाट होता तेव्हा डोकं उठायचं, आता शांततेनं उठायला लागलं.

मग एका संध्याकाळी हे कामावरून आले ते बूट न काढताच म्हणाले, "ऐकलंस का आपल्या भाऊजींचे प्रताप?" झालं होतं असं. कंपनीच्या विम्यात औषधांच्या खर्चाचा थोडा भाग आपल्याला भरावा लागतो, पण बायको गरोदर असेल तर तिची सगळी औषधं फुकट. अट एकच, डॉक्टरचा दाखला ऑफिसात देऊन तिचं नाव नोंदवायचं. भाऊजी कित्येक आठवडे कंपनीच्या दवाखान्यातून 'बायको गरोदर' असं सांगून महागडी इंजेक्शनं आणि गोळ्या फुकट नेत होते, आणि दाखला दिलाच नव्हता. औषधं देणारा मिसरी भला माणूस. तो कागद मागायचा, भाऊजी म्हणायचे "उद्या, इन्शाल्ला," आणि तोही म्हणायचा इन्शाल्ला. तपासणीत ते उघडकीला आलं. तीन हजार दिरहम दंड, म्हणजे आपले सत्तर हजार रुपये, शिवाय लेखी ताकीद. "गुरुवारपर्यंत दाखला आणून दे, सगळं माफ करतो म्हणाले," हे सांगत होते, "तर हा नुसता उभा राहिला. म्हणजे खोटंच असणार. ऑफिसात सगळे हसताहेत. गोळ्या बाहेर विकत असेल म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. भाऊजी बडबडे असतील, चोर नव्हेत. तशीच चप्पल न घालता गेले आणि बेल दाबली. दार बोटभर उघडलं. "काय हो हे? काय ऐकते मी?" असं मी विचारलं, तर त्यांनी घाईने बाहेर येऊन दार ओढून घेतलं, ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजले. एवढ्या वर्षांत त्यांना कुजबुजताना मी पहिल्यांदा ऐकलं. "वैनी, मीनलला दिवस गेल्यात. पर अजून तीन म्हयनं झालं न्हाईत."

मी पायरीवर बसले. ते पण बसले. म्हणाले, "डॉक्टरीणबाई म्हणत्यात, हिच्या रक्तात गाठी व्हत्यात, म्हणून मूल ऱ्हाईना. आई म्हणती, तुझ्या तोंडानंच दृष्ट लागली. म्हटलं, दोन्हीवर औषध करू. हिला इंजेक्शन, मला तोंडात लवंग धरून गप्प बसणं." मी म्हटलं, "अहो पण ऑफिसातल्या कागदाला कसली दृष्ट?" तर ते म्हणाले, "वैनी, तिथली ती बाई लई हौशी. कागद हातात पडला की केक मागवती, सगळ्यांना ईमेल धाडती. त्या मिसऱ्याला सांगितलं ते औषधापुरतं, तो कुणाला बोलत न्हाई. हिला कागद दिला म्हंजे गावाला सांगितल्यासारखंच की. मीनलला शब्द दिलाय, तिच्या डोक्यावर हात ठेवून." "मग निदान पैसे भरून औषधं घ्यायची," मी म्हटलं. ते खाली बघत म्हणाले, "चुकलंच. पन दोन-दोन दवाखान्यांची बिलं भागवून खिशात काय उरलं न्हवतं. म्हटलं, तीन म्हयनं झालं की कागद देऊ. तेवढ्यात तपासणी आली बघा." गुरुवार दोन दिवसांवर आला होता. तीन महिने पुरे व्हायला त्याच्या पुढचे पंधरा-वीस दिवस लागणार होते. "दुसरी ताकीद आली तर नोकरी जाईल, व्हिसा जाईल, ह्या विम्याचं काय मग?" मी अगदी कळवळून विचारलं. "न्हाई येऊ देत दुसरी," ते म्हणाले. "इथनं पुढं पैसे भरून नेतो. एवढं पोर हाताला लागू दे, वैनी. मग मला काय बी म्हणू देत." मग त्यांनी मलाही शब्द द्यायला लावला, तीन महिने होईस्तोवर कुणाकडे बोलायचं नाही, दादांकडेसुद्धा नाही.

मी दिला. तो पाळणं काय होतं ते माझं मला माहीत. घरात हे रोज जेवताना भाऊजींना नावं ठेवायचे, "असल्या लबाड माणसाला मी भाऊ मानला," म्हणायचे, आणि मी आमटी वाढत बसायची. गुरुवार आला आणि गेला. भाऊजींनी दंड पगारातून कापून घ्यायला सही दिली. कँटीनमध्ये कुणी डोळा मारून विचारायचं, "क्या हबीबी, कितवा महिना लागला तुला?" लायसनच्या इन्स्पेक्टरशी अर्धा तास वाद घालणारा हा माणूस ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायचा. मी चाचाकडून नारळपाणी मागवून चोरून त्यांच्या दाराला लावून ठेवायची. एकदा मीनल दाराशी आली, पोटावर हात ठेवून नुसती हसली. किती छान दिसत होती! मी तिथल्या तिथे तिची दृष्ट काढली, नुसती बोटं मोडून, कारण मीठ-मोहरी आणायला गेले असते तर यांनी विचारलं असतं.

तेही बाळ राहिलं नाही. तीन महिने पुरे व्हायला थोडेच दिवस उरले होते. या वेळी कुणी वॉचमन विचारायला येणार नव्हता, कुणी साबणाची पेटी धाडणार नव्हतं, कारण जगात कुणाला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं, निदान त्या बाबतीत बरं होईल. नाही झालं. आधीच्या दोन वेळी निदान चार माणसं येऊन दोघांजवळ बसली होती. आता दवाखान्यातून परतताना भाऊजींना लिफ्टमध्ये शेजारी भेटला, तो हवेबद्दल बोलला, आणि त्यांना त्याच्याशी हवेबद्दल बोलावं लागलं.

त्या रात्री मी यांना सगळं सांगितलं. सकाळी हे स्वतः अर्ज लिहून समोर भाऊजींकडे गेले, मीही मागोमाग. "दवाखान्याचे कागद जोड," हे म्हणाले, "आणि सही कर. दंड परत मिळेल, नाव साफ होईल. मी स्वतः मॅनेजरपुढे उभा राहतो. ज्यांनी दात काढले त्यांना माफी मागायला लावतो." आत मीनल निजली होती. भाऊजींनी अर्ज शांतपणे वाचला, घडी केली आणि यांच्या खिशात परत ठेवला. म्हणाले, "दादा, बाप म्हणून आजवर एवढा एकच खर्च केलाय मी त्याच्यावर. पोरावर केलेला खर्च कोण परत मागतंय व्हय?" हे तसेच घरी आले आणि कामाला गेले नाहीत.

पुढे वर्षाच्या आत भाऊजींनी शारजात औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात नोकरी धरली. सामान न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मीनलने मला मिठी मारली आणि भाऊजी बकालावाल्या चाचाशी बोलत उभे होते, हळू आवाजात. समोर आता एक चांगलं जोडपं आलं आहे, दार नेहमी बंद असतं. मी भाऊजींना अधूनमधून फोन करते. दोघं बरी आहेत. मीनल शेजारची मुलं सांभाळते म्हणाली. मूल झालं नाही.

गेल्या गणपतीत आमच्याकडे जेवणं चालली होती. कंपनीत नव्याने आलेला एक पुण्याचा पोरगा पंगतीत रंगात येऊन सांगत होता, "आमच्या टर्मिनलवर म्हणे पूर्वी एक नग होता! बायको गरोदर आहे असं खोटंच सांगून फुकट औषधं उचलायचा!" सगळी पंगत हसली. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दिलेला शब्द तीन महिने होईस्तोवरचा होता, आणि ते तीन महिने काही पुरे झाले नाहीत, म्हणजे खरं तर, यांना सांगितलं ते सोडलं, तर मी कधीच बोलायला नको. पण माझ्याच्याने राहवलं नाही. भाताचं भांडं खाली ठेवलं आणि त्या पोरासमोर जाऊन उभी राहिले.

"खोटं नव्हतं रे ते," मी म्हटलं. "बाळ होतं."