किमतीच्या रकान्यातलं शून्य

धाकट्या,

आधीच सांगते, रडगाणं गायला बसलेले नाही. तुझा फोन अजून वाजतो, म्हणून लिहितेय. आज कुठल्याशा दवाखान्यातून विचारलं, "काका आहेत का? नोंदणीचं मशीन अडलंय." म्हटलं, "ते वारले." पलीकडचा हळूच म्हणाला, "मग आता कोणाला विचारायचं?"

तू सरकारी दवाखान्याच्या खिडकीतला कारकून. जुना केसपेपर सापडेपर्यंत उभा आलेला रोगी आडवा व्हायचा. म्हणून तू आपलं आपण शिकून नोंदणीचं सॉफ्टवेअर लिहिलंस आणि जगाला खुलं करून टाकलंस. कुणीही घ्या, उघडून बघा, बदला. मी चिडले होते, "साऱ्या गावाचा भार तुझ्याच डोक्यावर का?"

"डोकं रिकामंच आहे, ताई. जागा भरपूर."

मग सरकारचं धोरण आलं, सरकारी कामात खुलंच सॉफ्टवेअर वापरायचं. तू नाचायचाच बाकी होतास. वर्षभरात दोनशे दवाखाने तुझ्या गळ्यात पडले. वापरायचा हुकूम सगळ्यांना, निस्तरायला तू एकटा. तोही निवृत्त, हृदयाची झडप निकामी होत आलेली. तुला एवढंच हवं होतं, डोळे मिटायच्या आत हे सगळं शिकवून ठेवायला एक पगारी माणूस. धोरणात देखभालीच्या अनुदानाचं कलम होतं. तू अर्ज भरलास आणि 'वस्तूची किंमत' या रकान्यात लिहिलंस, शून्य.

"अरे, काहीतरी आकडा टाक!"

"फुकट दिलंय, ताई. खोटं कसं लिहू?"

अनुदान मिळायचं किमतीच्या प्रमाणात. अधिकारीणबाई भल्या, स्वतः फोन केला. "काका, शून्याच्या प्रमाणात मी काय मंजूर करू? विकायची किंमत नाही विचारलेली. आज नव्याने बनवायचं तर किती लागेल, ते लिहा. अर्ज घेऊन जा आणि महिनाअखेरीच्या आत दुरुस्त करून द्या."

कचेरी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तुला चार पायऱ्या चढवत नव्हत्या. "तू आणशील?" असं विचारलंस. गुडघे ठणठणीत असलेली मी फाडकन म्हणाले, "चुका तू करायच्या आणि खेटे मी घालायचे? बघू सोमवारी."

सोमवारी मला कंटाळा आला. हो, कंटाळाच. दुसरं कारण शोधून सापडत नाही. मंगळवारीही तेच. बुधवारी दुपारी तू खुर्चीतच गेलास, कुठल्यातरी दवाखान्याला उत्तर अर्धं लिहून.

काल तुझ्या खिडकीपाशी जाऊन आले. मशीन बंद पडलंय, जाडजूड वह्या पुन्हा निघाल्यात. एक आई तापलेल्या मुलीला कडेवर घेऊन तासभर उभी होती. नाव सापडत नव्हतं. तिच्याकडे बघवेना, तशीच निघाले.

महिनाअखेर उलटली. अधिकारीणबाईंनी विचारलं, "निदान कागद तरी नेता का? त्यांच्या हातचा आहे." मी हो म्हटलं. दोनदा गेले, रे. दोन्ही वेळा जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परत फिरले. तुझा अर्ज अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे.