अर्ध्या चेहऱ्याचा फोटो

सीताराम गेला, हे त्याच्या मुंबईच्या भावाने मला फोनवर सांगितलं. मी "अरेरे" म्हणालो आणि त्याच क्षणी मनात आलं, आता त्याला ते कधीच कळणार नाही... दुःखाच्या आधी मला सुटका वाटली. पाच आठवडे झाले, त्या सुटकेची लाज काही केल्या जात नाही.

गडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीत सीतारामचं पिठलं-भाकरीचं छोटं हॉटेल होतं. भावाने डिजिटल कॅमेरा आणून दिला आणि हा पठ्ठ्या वाडीतल्या एकेकाचे फोटो काढत सुटला. माणूस मधोमध, ताठ, डोक्यापासून पायापर्यंत अख्खा, नजर समोर. वाडीत फोटो काढायचा तो असाच, कारण म्हाताऱ्या माणसांचा तोच पुढे हार घालून भिंतीवर लागायचा. महाडला माझा कॉम्प्युटर क्लास. दर बुधवारी सामान न्यायला आला की तो कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन माझ्याकडे यायचा. इंटरनेटवरच्या एका फोटोग्राफीच्या फोरमवर मीच त्याला खातं उघडून दिलं होतं. इंग्रजी त्याला येत नसे, म्हणून लोकांचे अभिप्राय मी मराठीत वाचून दाखवायचो आणि तो मान डोलवत ऐकायचा.

मीही तिथे नवखाच. माझ्या सूर्यास्ताच्या फोटोला एकाने 'क्षितिज वाकडं, विषयाचा पत्ता नाही' म्हणून झोडपलं होतं. त्याच आठवड्यात सीतारामने काढलेल्या त्याच्या चुलतीच्या फोटोला एका जाणत्याने मनापासून दाद दिली. माझा नुसता जळफळाट झाला. मी परदेशी वाटेल अशा नावाने दुसरं खातं उघडलं आणि लिहिलं की, माणूस मधोमध उभा करणं हे अडाण्याचं काम, पाय कशाला हवेत, जवळ जा, कपाळ कापलं गेलं तरी चालेल, अर्धा चेहरा अंधारात जाऊ दे. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. ते नियम मी स्वतः आदल्या दिवशी वाचलेले! आणि बुधवारी तेच सगळं मी त्याला गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवलं. तो वहीत उतरवून घेत म्हणाला, "मास्तर, मोठा मानूस दिसतोय. आपल्यासाठी येवढा लिवलान."

त्याने शब्द न् शब्द पाळला. चुलतीचा नवा फोटो आला तो एक डोळा, एक गाल आणि बाकी काळोख असा. परदेशी नावाने मीच 'उत्तम' असं लिहिलं. मग जुन्या फोटोची त्याला लाज वाटू लागली. त्याने तो मला फोरमवरून काढायला लावला, कार्डावरूनही पुसला. त्या थंडीत चुलती गेली. मुंबईहून आलेल्या थोरल्या मुलाने चार माणसांत त्याला विचारलं, "आयचा आर्धाच तोंड भितीला लावू काय रे?" हे सांगायला सीताराम आला तेव्हा खुर्चीवरसुद्धा बसला नाही. म्हणाला, "मास्तर, त्या मानसाला इचारा, काळोखात गेलेला तोंड परत आनता येतो काय?"

मी टाइप केल्याचं नाटक केलं. महिनाभर तो विचारत राहिला आणि मी 'उत्तर नाही' म्हणत राहिलो. शेवटी त्यालाच त्या माणसाची दया आली. "कामात असंल. नका तरास देऊ त्याला." त्यानंतर सीतारामने माणसाचा फोटो कधी काढला नाही. गवत, दगड, ताकाचे ग्लास, एवढंच आणायचा. मी ते फोरमवर चढवायचो.

बाराव्याला गेलो. हॉटेलात, तव्यामागच्या खिळ्याला कॅमेरा त्याच्या काळ्या पिशवीत टांगलेला होता. वहिनींनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "भावोजी, ह्यांना शिकवनारा तो इंग्रज मानूस हाय ना, त्याला तेवढा कळवा. हे लय नाव घ्यायचे त्याचा." मी "कळवतो" म्हणालो आणि चहा संपवला. तो चहा माझ्या घशाखाली उतरला कसा, हेच मला अजून उमगत नाही...

वहिनी, तो माणूस मीच. हे मी पेपरात छापायला देतोय, पण तुमच्याकडे पेपर येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून येत्या बुधवारी मीच वर येईन आणि हे सगळं तुम्हाला वाचून दाखवीन, एक शब्द न गाळता.

चहा मात्र ठेवू नका.