गावाचा रकाना

काल नोंदवह्या स्कॅन करायला चर्चमधली लोखंडी पेटी उघडली आणि वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला. कसर लागू नये म्हणून पप्पा प्रत्येक वहीत हा पाला घालायचे. ते इथले राखणदार होते. त्या वासासरशी मला ती आयरिश बाई आठवली.

मी तेव्हा कॉलेजात होते. बाईचे पणजोबा गोऱ्या पलटणीतले शिपाई, आणि त्यांचं लग्न इथं नगरच्या कॅम्पात लागलेलं. आल्यागेल्याला विचारतात तसं पप्पांनी तिलाही आधी विचारलं, "बाई, गाव कंचं तुमचं?" मी ते इंग्रजीत सांगितलं, तर तिचे डोळेच भरले. "तेच तर शोधायला आलेय," ती म्हणाली.

पप्पांनी हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि एकेक पान उलटायला घेतलं. दुपार कलल्यावर त्यांचं बोट थांबलं. नवरदेवाच्या नावापुढे पाद्रीबाबांनी आयर्लंडातलं गाव लिहून ठेवलं होतं. बाईनं ते चारदा मोठ्यानं वाचलं. "घावलं बघ!" म्हणत पप्पा असे हसले, की जणू त्यांचंच गाव सापडलं.

पप्पांचा स्वभावच तसा, असं मला तेव्हा वाटलं.

काल स्कॅन करता करता त्यांच्या आजोबांच्या बाप्तिस्म्याचं पान आलं. दुष्काळात मिशनच्या दारात कुणी सोडून गेलेलं पोर ते. नाव मिशननं दिलेलं, गावाचा रकाना कोरा. फक्त तेवढ्याच जागी, बोट फिरून फिरून, कागद काळा पडला होता.