खिंडीतलं ऊन

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तारवाल्याने मोटरच्या पट्ट्यावरून हात फिरवून ताण पाहिला, मोठ्या चाकाच्या खोबणीत बोटभर ग्रीस लावलं आणि फोनची मूठ फिरवली. खालून लगेच आवाज आला.

"बोल, वरच्या."

"दूध. आठ कॅन."

"येऊ दे. आणि आज बैठक आहे म्हणे तुमच्याकडे."

"आहे."

"काय बोलणार तिथे?"

"बघू."

"बघू म्हणजे? तोंड घरी ठेवून जाणार आहेस का?"

तारवाल्याने खटका दाबला. ट्रॉली ठाण्याच्या तोंडाशी एकदा डुलली आणि दरीवर निघाली.

गाव डोंगराच्या खांद्यावर आहे आणि रस्ता पायथ्यालाच संपतो. दूध, बटाटे आणि लाकूड खाली जातं. सिमेंट, गॅसची सिलिंडरं, शाळेची बाकं, लग्नातली कपाटं वर येतात. हे सगळं दरीवर ताणलेल्या एका तारेवरून. वरच्या ठाण्यात तारवाला, खालच्या ठाण्यात खालचा. दोघांची गाठ वर्षातून चार-पाचदा पडते, पण फोनवर एकमेकांचा घसा बसलेला आधी त्यांनाच कळतो. तारवाला बावन्न वर्षांचा आहे, अविवाहित. कामाच्या दोन फेऱ्यांमध्ये बराच वेळ नुसतं बसावं लागतं, त्या वेळात तो गोष्टी लिहितो. तालुक्याच्या मासिकात त्या छापून येतात. बिबट्याच्या, चकव्याच्या, हरवलेल्या मेंढ्यांच्या. गावाला त्याचं कौतुकच होतं. कोणाच्या घरी पाहुणे आले की त्यांना ठाणं दाखवायला आणत आणि म्हणत, हा आमचा लेखक, जरा तेलकट आहे.

त्याच्या घराच्या वरच्या खोलीत अकरा वर्षं भाडेकरू आहे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर. गाव त्याला डॉक्टर म्हणतं, कारण खरा डॉक्टर वर कधी चढलेला नाही. त्याचं सरकारी क्वार्टर पायथ्याला आहे. पहिल्या हिवाळ्यात पायवाट बंद झाली म्हणून तो वर राहिला, आणि नंतर वाट मोकळी झाली तरी राहिला. वरच्या खोलीत त्याची खाट आहे, तिच्यावर अंथरूण घातलेलं असतं. अकरा वर्षांत त्या अंथरुणाला सुरकुती पडलेली नाही. हे त्या दोघांना ठाऊक होतं. बाकी कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारणं हीसुद्धा गावाची एक प्रकारची माया होती, असं तारवाला धरून चालला होता.

मग दोन महिन्यांपूर्वी मासिकात त्याची नवी गोष्ट आली.

गोष्टीत त्याने सगळं बदललं होतं. डोंगराचं सपाट मैदान केलं, दरीची नदी केली, तारवाल्याचा नावाडी केला. डॉक्टरचा घड्याळं दुरुस्त करणारा केला. दोघं एका घरात राहतात, म्हातारे होत जातात, फारसं काही घडत नाही. एक लांबलचक जागा मात्र त्याच्या हातून मनापासून लिहिली गेली. हिवाळ्यात दुपारी सगळं गाव सावलीत असताना या घराच्या मागच्या खिडकीतून ऊन आत येतं, जेमतेम वीस मिनिटं. तेवढा वेळ दोघं काम टाकून जमिनीवर बसतात आणि चार पाय त्या उन्हात ठेवतात. ऊन भिंतीकडे सरकलं की पायही सरकवतात.

तारवाला जन्मभर डोंगरात राहिला. सपाट मुलखात ऊन असं मोजून मिळत नाही, ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर सारखंच पडतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि या गावात तर सूर्य हिवाळाभर समोरच्या कड्यामागे असतो. कड्याला एकच खिंड आहे. तिच्यातून दुपारी ऊन येतं ते फक्त तारवाल्याच्या परसात आणि मागच्या खिडकीत. गावातली नवी बाळं तिथे उन्हाला आणतात. म्हाताऱ्या गुडघे घेऊन येतात, बायका ओल्या लोकरीचे कपडे आणतात. ते ऊन गावात जन्मलेल्या प्रत्येकाच्या अंगावर कधी ना कधी पडलेलं आहे.

शिंपी कपडे शिवत असताना त्याची बायको त्याला मासिक वाचून दाखवते. दुकानात तीन गिऱ्हाइकं बसली होती. ती जागा आली तेव्हा तिने वाचायचं थांबवलं नाही, पण शिंप्याने मशीन थांबवलं. हे तारवाल्याला नंतर कळलं. त्याला पहिल्यांदा कळलं ते फोनवर.

"गोष्ट वाचली," खालचा म्हणाला होता. पायथ्यावरून त्याला सगळं गाव दिसतं. कोणत्या घराला कधी उजेड लागतो हे त्याला घड्याळापेक्षा पक्कं माहीत. "चांगली आहे. पण अरे बाबा, नदीकाठी खिंड कुठून आणलीस?"

तारवाल्याने वळून समोरच्या कड्याकडे पाहिलं.

कोणी भांडलं नाही, दारावर कोणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीतून ऊन आलं तेव्हा परसात कोणी नव्हतं, एवढंच. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. दोरीवर चिमटे नुसते लटकत होते. त्याच्या ताईला महिन्याभरापूर्वी नातू झाला होता. तिचं घर चार पावलांवर. तिने बाळाला घरातच शेगडीजवळ घेऊन बसायला सुरुवात केली. भाचेसून एकदा बाळ घेऊन निघाली होती, तिला ताईने दारातून परत बोलावलं, हे तारवाल्याने ठाण्याच्या खिडकीतून पाहिलं.

नंतर डॉक्टरची बोलावणी थांबली. तो सकाळी बॅग घेऊन निघे, आणि प्रत्येक गोठ्याच्या दारात त्याला उत्तर मिळे की जनावर बरं आहे, काही लागलं तर कळवू. बोलणं गोड, दार अर्धं. तारेचं काम माणसाचा चेहरा न बघता होतं. डॉक्टरचं काम दुसऱ्याच्या गोठ्यात वाकून करावं लागतं.

गेल्या आठवड्यात ताईची गाय अडली. वासरू आडवं होतं. भाऊजींनी स्वतः हात घातला, मग शेजाऱ्याला बोलावलं, दुपार अशीच गेली. डॉक्टर चार पावलांवर घरात होता आणि त्याला गाईचा आवाज ऐकू येत होता. दोनदा तो उठून दारापर्यंत गेला. बोलावल्याशिवाय गेलो तर हाकलतील, आणि एकदा हाकललं की संपलं, असं म्हणून परत बसला. गाय वाचली, वासरू गेलं.

त्यावरून बैठक ठरली. गावाला डॉक्टर हवा होता. फक्त आधी काहीतरी निस्तरायला हवं होतं.

ताई ठाण्यावर आली ती साडेदहाच्या सुमाराला. हातात काही नव्हतं, एरवी ती रिकाम्या हाताने येत नाही. वासराबद्दल ती बोलली नाही. भाऊजी रात्री जेवत नाहीत, एवढं म्हणाली. मग चाकाकडे बघत म्हणाली, "तू एवढंच म्हण की सगळं मनचं आहे. गोष्टच आहे ना ती?"

"गोष्टच आहे, ताई."

"मग सगळ्यांसमोर म्हण. आम्ही काय जास्त मागतोय?"

ती गेल्यावर त्याने सिमेंटची फेरी वर घेतली. गोणी उतरवताना त्याच्या मनात आलं की ताईने खरं आहे का असं विचारलंच नाही. तिला ते विचारायचं नव्हतं. कोणालाच नव्हतं. आणि याच एका गोष्टीची त्याला चीड होती. ती जागा लिहिताना त्याला भीती वाटली नव्हती, उलट आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट लिहिलं गेलंय असं वाटलं होतं. तीच खोटी होती, असं त्याने उभं राहून सांगायचं होतं.

दुपारी डॉक्टर डबा घेऊन आला. त्याची बॅग उघडलेलीही नव्हती. दोघं पाठीला पाठ लावून जेवले, कारण ठाण्यात जागा तेवढीच आहे. डॉक्टर गेले दोन महिने एकच वाक्य मधूनमधून म्हणत असे, की मला विचारायचं होतंस. आज ते म्हणाला नाही.

"आज सांगून टाक, मनचं आहे म्हणून," तो म्हणाला. "रचून सांगायचं तुला काय नवीन आहे?"

"तुला चालेल?"

"मला गोठ्यात जायचंय. तुझी तार कोणी तोडणार नाही. माझं पोट लोकांच्या दारात आहे. आणि ते वासरू मी फिरवलं असतं. अर्ध्या तासाचं काम होतं."

तारवाल्याने डबा पुसला आणि बंद केला. मग म्हणाला, बरं.

बैठक संध्याकाळचं दूध मोजून झाल्यावर दूध संस्थेच्या खोलीत झाली. वीसेक माणसं, खोलीला आंबूस वास, बसायला उलटे कॅन. चेअरमन सभ्य माणूस आहे. त्याने आधी तारेच्या नव्या दोराचा विषय घेतला, मग शाळेच्या पत्र्याचा, आणि मग कोणाकडेच न बघता म्हणाला की मासिकातल्या त्या गोष्टीवरून उगाच कुजबूज चालली आहे, तर लेखकानेच काय ते सांगावं.

तारवाला उभा राहिला आणि त्याने सांगितलं. मोटरच्या प्रशिक्षणाला तो शहरात गेला होता तेव्हा खाणावळीत एक म्हातारा नावाडी भेटला, ही त्याचीच हकिकत. नावाड्याची बायको लवकर गेली, मित्राने सोबत दिली. त्याची खोली दोन गोदामांच्या मागे होती, मधल्या फटीतून दुपारी थोडा वेळ ऊन येई. म्हाताऱ्याला दम्याची उबळ कशी येई, तो बशीत चहा कसा ओते, हेही सांगितलं. सांगता सांगता त्याला तो म्हातारा दिसायला लागला. खोलीतली माणसं पुढे सरकून ऐकत होती.

"गोदामांच्या फटीतून," शिंपी म्हणाला, "हो, येतं. मी पाहिलंय तसं." त्याने कधी शहरात मुक्काम केलेला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी हसलं नाही.

"म्हणजे तुमच्या घराचा यात संबंध नाही," चेअरमन म्हणाला.

"नाही."

"काहीच नाही."

"काही नाही."

खोलीने श्वास सोडला. भाऊजींनी तंबाखू काढली. मागच्या कॅनवर बसलेला डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"मग तर प्रश्नच मिटला," चेअरमन मनापासून खूश होऊन म्हणाला. "डॉक्टर, खाली तुमचं क्वार्टर रिकामं पडलंय. तुम्ही इथे अडचणीत कशाला राहता? तिथे गेलात की कोणाला बोलायला जागा नको. काही नाहीच म्हटल्यावर हरकत कशाची?"

तारवाला अजून उभाच होता. त्याने तोंड उघडलं. हरकत आहे म्हणायचं तर का आहे ते सांगावं लागलं असतं, आणि ते तर नसल्याचं त्याने आत्ताच वीस माणसांना पटवलं होतं. गोदामांच्या मागचा तो म्हातारा आता त्याच्याच वाटेत आडवा बसला होता. तो खाली बसला.

"गादी मी बांधून देईन," ताई दारातून म्हणाली. तिचा चेहरा दोन महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला होता.

"उद्याच जातो," डॉक्टर म्हणाला.

बाहेर पडेपर्यंत त्याला तीन गोठ्यांची बोलावणी आली होती. चेअरमनची कालवड खात नव्हती. भाऊजी गाईला एकदा बघून जा म्हणाले, तेही त्याच्या खांद्यावर हात ठेवून. तो तिन्हीकडे गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या बाह्या ओल्या होत्या आणि अंगाला गोठ्याचा वास होता. इतक्या दिवसांनी.

तारवाला वरच्या खोलीत खाटेचे नट सोडवत होता. गंजले होते, ग्रीस लावावं लागलं. डॉक्टरने पाना धरला, याने खाट धरली.

"तूच म्हणालास सांग म्हणून," तारवाला म्हणाला.

"मीच म्हणालो."

"मग?"

"काही नाही. एवढं चांगलं सांगशील असं वाटलं नव्हतं."

नंतर त्यांनी औषधं खोक्यात भरली, बाटल्यांमध्ये जुने कपडे खुपसले, म्हणजे फुटायला नकोत. रविवारी तार बंद असते आणि वाटही उतरण्यासारखी असते. पण रविवारी कोण कोणाकडे जाईल, आणि परसात बसलेल्या बायकांना काय सांगेल, हे दोघांपैकी कोणी बोललं नाही.

उद्या पहिली फेरी सहा पन्नासला, दुधाची. दुसरी सव्वासातला: खाट, गादी, दोन पेट्या, औषधांचं एक खोकं. ट्रॉलीत माणसाला बसायला मनाई आहे, म्हणून डॉक्टर पायवाटेने उतरेल. सामान खाली पोचायला नऊ मिनिटं लागतात, चालत जाणाऱ्याला दीड तास.